काचेवरचे पांढरे डाग जात नाहीयेत, मदत हवी आहे

मंडळी, म्हापशात गाडी उघड्यावर उभी असते, शेजारच्या बागेतल्या बोअरच्या पाण्याचे तुषार रोज पुढच्या काचेवर उडतात आणि उन्हात तिथेच वाळतात. आता नाण्याएवढी पांढरी वर्तुळं बसलीयत, नख फिरवलं तर खरखरीत लागतात. शाम्पू झाला, कोलगेट झाली (हसू नका), व्हिनेगरचा कपडा 10 मिनिटं ठेवला तेव्हा कडेचे गेले पण मधले तसेच, रात्री पर्वरीच्या हायवेवर समोरून लाईट आला की काहीच दिसत नाही हो! सेरियम ऑक्साईडने (काच पॉलिश करायची पावडर) हाताने घासलं तर चालेल का मशीनच लागतं? 0000 नंबरच्या स्टील वूलने (अगदी बारीक तारांची घासणी) ओरखडे पडतात का? पाऊस तोंडावर आलाय, कोणी स्वतः केलं असेल तर सांगा.