मदत हवी आहे: ‘पेरोल’ची (1961) मराठी सबटायटल्स मध्येच मागे पडतात

दिग्दर्शक सिडनी हेअर्सचा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये घडणारा कृष्णधवल दरोडेपट. 105 मिनिटांचा चित्रपट डीव्हीडीवर सेकंदाला 25 फ्रेम (चित्रचौकटी) या वेगाने सुमारे 101 मिनिटांत संपतो, म्हणून 24 फ्रेमवर बेतलेल्या सगळ्या वेळांना 0.96 ने गुणलं. चिलखती व्हॅनवरच्या हल्ल्यापर्यंत ओठ आणि ओळ तंतोतंत जुळतात. पुढे एका कटनंतर ओळी एकदम 2 सेकंद उशिरा येतात, त्या शेवटपर्यंत तेवढ्याच उशिरा. फरक वाढत नाही, म्हणजे वेगाची चूक नाही. फिल्मची दोन रिळं जिथे जोडली, त्या जोडावर काही फ्रेम गळल्या असाव्यात. तिथून पुढच्या सगळ्या ओळी 2 सेकंद अलीकडे ओढल्या तर पुरेल, की जोडाची नेमकी फ्रेम शोधायलाच हवी? शोधायची कशी? मारल्या गेलेल्या ड्रायव्हरच्या विधवेचं काम करणाऱ्या बिली व्हाइटलॉचं वाक्य तिच्या चेहऱ्यानंतर आलं, की प्रसंगातला जीवच जातो.