हलकेपणाच तर पंचाईत आहे
"हायड्रोजन सगळ्यात हलका, मग त्यात पीएचडी करण्यासारखं काय" असं विचारलंय, तर दादा, अडचण हलकेपणाचीच आहे. माझी भाची ह्यातच, म्हणजे रॉकेटचं इंधन म्हणून द्रव हायड्रोजन टिकवण्यावर पीएचडी करतेय, दिवाळीत इंदूरला रामबागेत घरी आली तेव्हा तिनं नीट समजावलं, द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना ठेवावा लागतो आणि घनमीटरभर जागेत जेमतेम ७१ किलो मावतो, म्हणजे टाकी अवाढव्य. त्यात त्याच्या रेणूचे ऑर्थो आणि पॅरा असे दोन प्रकार (दोन अणुकेंद्रांची फिरकी एकाच दिशेला की उलट, त्यावरून), थंड केल्यावर ऑर्थोचा हळूहळू पॅरा होतो आणि तेव्हा इतकी उष्णता सुटते की उत्तम टाकीतलंही इंधन उकळून जातं, म्हणून द्रव बनवतानाच कॅटलिस्ट, म्हणजे हा बदल झटपट उरकणारा पदार्थ, वापरतात. चांद्रयान-३ च्या रॉकेटचा वरचा टप्पा ह्याच इंधनावर चालला, पण तो काही मिनिटांचा खेळ, मंगळापर्यंत महिनोन्महिने हे टिकवायचं तर अभ्यास हवाच ना!