अनुभव धागा : टेलिकॉममधली नोकरी आणि ‘तुज्या कंपनीची रेंज येना गो!’

यंदा चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधताना मामाने शिडीवरूनच विचारलं, “तुज्या कंपनीची रेंज येना गो, कितें जालां?” ती कंपनी सोडून मला चार वर्षं झाली. अकरा वर्षं होते तिथे, त्यातली नऊ म्हापशाच्या स्टोअरमध्ये. वाड्यावर मात्र मी अजून ‘टॉवरवाली’च आहे.

त्यावरूनच हा धागा. गोव्यात मोठ्या टेलिकॉम कंपनीत ज्यांनी काम केलंय, सरकारी असो, खाजगी असो, कंत्राटी असो, त्यांनी लिहा. गाऱ्हाणं असेल तर कंपनीचं नाव नको, ओळखणारे ओळखतीलच. दिवसभर नेमकं काय करावं लागतं ते वाचायला आवडेल.

माझ्यापासून सुरुवात करते. म्हापशाचा शुक्रवार म्हणजे बाजार. सकाळची खरेदी उरकली की माणसं पिशव्यांसकट आमच्या एसीत येऊन बसायची, त्यामुळे शुक्रवारी स्टोअरला बांगड्याचा वास. टोकन घेतात, पण टोकनवर कोणाचा विश्वास नाही. प्रत्येकाचं ‘फकत एक मिनटाचें’ काम.

एक केस मात्र विसरता येत नाही. शिवोलीची एक बाई आली. नवरा तारवटी (जहाजावरचा खलाशी), आठ-नऊ महिने बोटीवर. त्याचं इथलं प्रीपेड सिम कपाटात पडून. नियम असा की ९० दिवस सिम वापरलं नाही आणि खात्यात २० रुपयेही नसले तर नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. दिलाही होता. तिने स्वतःच फोन लावून पाहिला होता. “लातूरचो भुरगो उलयलो, बरो उलयलो,” (लातूरचा मुलगा बोलला, चांगला बोलला) म्हणाली. बँकेचा ओटीपी त्या नंबरवर, घराचा हप्ता त्या खात्यातून. बँक म्हणते खातेदाराने स्वतः यावं, आणि खातेदार भर समुद्रात. मी दोन ठिकाणी मेल टाकले, वरच्यांना फोन केला, तासभर तिला बसवून ठेवलं आणि शेवटी ‘सिस्टिममध्ये होत नाही’ एवढंच सांगितलं. संध्याकाळी तिला रेटिंगचा मेसेज गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे दहापैकी दहा आले होते. का दिले, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर समोर तारवट्याचं घर आहे असं कळलं की मी आधी एवढंच सांगायचे: सिममध्ये वीस रुपये ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्या नंबरवरून कोणालातरी फोन करा.

खांबावरचा (निवृत्त), सत्तरी

बाय, तुझ्या मामाला सांग, आम्हाला तर लोक रात्री दोनला दारावर धडका मारून विचारायचे.

१९८८ ला रोजंदारीवर लागलो, तेव्हा टेलिफोन खातं होतं. १ ऑक्टोबर २००० ला त्याची बीएसएनएल कंपनी झाली. त्या दिवशी मी कुठे होतो विचाराल तर केरीच्या रस्त्याला खड्ड्यात, केबलचा जॉइंट उघडून. वरून पाऊस. कंपनी झाली ते मला संध्याकाळी चहाच्या गाड्यावर कळलं.

आमच्या सगळ्या नोकरीचा वैरी एकच, पाणी. जुन्या केबलमध्ये तारेभोवती कागद असायचा. जॉइंटमध्ये ओल शिरली की शेजारच्या तारांच्या जोड्या (एका फोनची एक जोडी) एकमेकांत बोलायला लागतात. भटजींच्या फोनवर बारवाल्याचा हिशोब ऐकू यायचा. गावात निम्मी भांडणं त्यातून. मग जेली भरलेली केबल आली. पाणी कमी शिरायचं, पण ती जेली हाताला लागली की साबणाने जात नाही, रॉकेलच लागतं. आमची घरची ताटंसुद्धा रॉकेलच्या वासाची.

गावांत सी-डॉट या सरकारी संस्थेने बनवलेली छोटी एक्स्चेंजं बसली, १२८ लाइनची. त्यांना एसी लागत नव्हता, हीच त्यांची मोठी गोष्ट. पंचायतीच्या एखाद्या खोलीत कपाटाएवढी पेटी, तेवढ्यावर गाव जगाशी जोडलेला. लाइन चालू झाली की घरातून पहिला फोन कुठे जायचा? गल्फला. आणि मला मिळायचा फणस. एका जून महिन्यात सात फणस आले, बायको म्हणाली पुढच्या लाइनला पैसे माग.

३१ जानेवारी २०२० ला देशभरातले आमचे ७५ हजारांहून जास्त लोक एका दिवसात स्वेच्छानिवृत्तीवर गेले. आमच्या इथे हार घालून घेणारे अकरा आणि हार घालणारे तिघे. शेवटी आम्ही एकमेकांनाच घातले.

डिझेलचा डबा, काणकोण

खांबावरचे काका, तुमचं पाणी, आमची वीज.

आधी एक गैरसमज काढतो, कारण सगळे त्यावरच शिव्या देतात. बहुतेक टॉवर फोन कंपनीचे नसतातच. टॉवर उभे करून भाड्याने देणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. एकाच टॉवरवर दोन-तीन फोन कंपन्यांचे अँटेना, खाली कोणा भाटकाराची (जमीनदाराची) जमीन भाडेपट्ट्याने. जनरेटर आणि बॅटरी बघायचं काम तिसऱ्या कंत्राटदाराकडे, आणि त्याने नेमलेला मुलगा चौथाच. तो मुलगा म्हणजे मी. शर्टावर मोठ्या कंपनीचं नाव, पगाराच्या स्लिपवर कोणाचं ते नातेवाइकांना सांगूनही समजत नाही. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना शर्टच दाखवला होता. 🙂

वीज गेली की साइट, म्हणजे टॉवर आणि त्याची यंत्रं, ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. कागदावर बॅटरी बरेच तास चालते, पण चार पावसाळे खाल्लेली बॅटरी दोन तासांत मान टाकते. मग जनरेटर, म्हणजे डिझेल, म्हणजे मी.

१६ मे २०२१, तौक्ते वादळ. कोविडची दुसरी लाट ऐन भरात. झाडं आडवी, तारा रस्त्यावर, पावलागणिक कोयता चालवावा लागत होता. गावडोंगरीच्या बाजूला एका साइटला मोटारसायकल जाईना, म्हणून २० लिटरचा डबा खांद्यावर आळीपाळीने घेऊन मी आणि एक जोडीदार चाललो. वाटेत एका घराच्या सोप्यावर म्हातारी बसली होती. “टॉवरार वता?” म्हणाली. पेज दिली, तोरं (कैरी) दिलं. तिची मुलगी म्हापशाला आजारी होती, दोन दिवस फोन नाही. साइट चालू केली, परत येताना ती बोलतच होती, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरं वाटलं.

डिझेलचं बिल मात्र तीन महिने अडकलं, कारण वादळाच्या दिवसांत साइटवरून फोटो पाठवायचा राहिला. नेटवर्क कुठे होतं फोटो पाठवायला!

कोल्हापूरहून आलेला, पणजी

मी सेल्सवाला. २०१० मध्ये बदलीवर आलो, परत जायचं राहूनच गेलं.

टेलिकॉमच्या नकाशात ‘महाराष्ट्र आणि गोवा’ हे एकच सर्कल (सेवेचा विभाग), मुंबई वेगळी. त्यामुळे सीमेवर महाराष्ट्रातल्या बांद्याला रेंज आणि गोव्यातल्या पत्रादेवीला रेंज, ग्राहकाला फरक नाही. पण कर्नाटकाच्या सीमेवरच्या पोळें गावात तिकडचा टॉवर पकडला की पूर्वी रोमिंग लागायचं. तिथला एक दुकानदार बिल हातात धरून मला म्हणाला, “मी घरांतल्यान भायर सरूंक ना, आनी हें म्हणटा कर्नाटकांत गेलो!” (मी घराबाहेर पडलो नाही, आणि हे म्हणतं कर्नाटकात गेलो!) त्याला काय उत्तर देणार?

आमच्या पुण्यातल्या मीटिंगमध्ये गोवा म्हणजे एक्सेलमधला शेवटचा रकाना. तिथवर येईपर्यंत साहेबांची भूक लागलेली असायची. टार्गेट मात्र शेवटचं नसायचं. लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास आणि वर ‘टुरिस्ट येतात ना, त्यांना विका’. पर्यटकाला सिम विकणं म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, हॉटेलचा पत्ता, फोटो, आणि त्याची सुट्टी संपण्याआधी ते चालू होणं. कळंगुटला एका रशियन जोडप्याचं सिम ते दाबोळी विमानतळावर परतीच्या रांगेत उभे असताना चालू झालं. त्यांनी फोटो पाठवला होता.

दोन तारखा प्रत्येक सेल्सवाल्याला पाठ. २० जानेवारी २०११, देशभर नंबर पोर्टेबिलिटी सुरू, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय. १९०० वर ‘पोर्ट’ असा मेसेज टाकला की तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वाटेला लागलं. आणि ५ सप्टेंबर २०१६, जिओ आलं. नेमका चवथीचा दिवस. सुट्टीत प्रत्येक घरी आरतीनंतर एकच प्रश्न, फुकटचं सिम कुठे मिळतं. मी प्रतिस्पर्ध्याकडे नोकरीला, आणि घरातल्या चौघांनी ते घेतलं. आमच्या रिटेलरचं कमिशन त्या वर्षी इतकं आटलं की मडगावच्या एका जुन्या रिचार्जवाल्याने काउंटरवर मोबाइलची कव्हरं मांडली. आता तो फक्त कव्हरंच विकतो, आणि माझ्याहून बरं चाललंय त्याचं.

महिनाअखेरीबद्दल लिहीत नाही. २८ तारखेनंतर आम्ही माणसं नसतो.

रविवारची ग्रामसभा

मी साइट अक्विझिशनला होते, म्हणजे टॉवरसाठी जागा शोधणारी. बाई म्हणून पाठवायचे, लोक कमी ओरडतील अशी साहेबांची समजूत. चुकीची.

रविवारी ग्रामसभा. अजेंड्यावर आधी ‘गावात रेंज नाही’, मग ‘टॉवरला विरोध’. ठराव दोन्ही मंजूर. मी विचारलं, मग नेमकं करू काय? मागच्या बाकावरून आवाज आला, “टॉवर नाका, रेंज जाय!” (टॉवर नको, रेंज हवी!) सगळी सभा हसली, मीसुद्धा.

लोकांची भीती मात्र मी हसण्यावारी नेली नाही. घराजवळ रात्रंदिवस घुमणारं काहीतरी उभं राहणार म्हटल्यावर आई म्हणून मलाही वाटलंच असतं. मी एवढंच सांगायचे की १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि मोजणी मागता येते. दुसरं हे, की टॉवर लांब असला तर तुमचाच फोन त्याला गाठण्यासाठी जास्त ताकद लावतो, आणि तो तुमच्या कानाला लागलेला असतो. हे दुसरं वाक्य लोकांना पटायचं. पहिल्यावर म्हणायचे, मोजणारे पण तुमचेच ना?

२०२० मध्ये शाळा मोबाइलवर आल्या आणि सत्तरी-सांग्यातली मुलं डोंगरावर चढून तास ऐकायला लागली. तेव्हा त्याच लोकांचे मला फोन. मी तोवर विमा कंपनीत गेले होते.

काचेचा धागा, पर्वरी

थोडक्यात लिहितो, रात्रपाळी आहे.

फायबर तोडतो जेसीबी, शिवी खातो स्प्लायसर, म्हणजे तुटलेली तार जोडणारा मी. तुटलं कुठे ते यंत्र सांगतं, समजा ७.४ किलोमीटर. पण रस्त्याखालच्या चेंबरमध्ये केबलची वेटोळी ठेवलेली असतात, त्यामुळे रस्त्याचे किलोमीटर आणि केबलचे किलोमीटर जुळत नाहीत. वेटोळ्यांची जुनी नोंद सापडली नाही तर टॉर्च घेऊन चालायचं. महामार्गाचं काम सुरू होतं तेव्हा इथून झुवारीच्या पुलापर्यंतचा प्रत्येक खड्डा मला नावानिशी माहीत झाला. तार १२५ मायक्रॉनची, पावसात छत्रीखाली जोडायची, आणि फोनवर साहेब दर पाच मिनिटांनी ‘इटीए काय?’, म्हणजे अजून किती वेळ.

जेसीबीवाला जाताना म्हणाला होता, “तुमची केबल मध्येंच आयली.”

खांबावरचा (निवृत्त), सत्तरी

@डिझेलचा डबा : गावडोंगरीची ती म्हातारी पेज देतेच. आम्हाला पण दिलेली. बहुतेक तीच.

धागाकर्ती

सगळं मामाला वाचून दाखवलं. मग त्याचा फोन हातात घेऊन बघितला. माझ्या जुन्या कंपनीचं सिम त्यात नाहीच. दोन वर्षांपूर्वी भाच्याने पोर्ट करून दिलंय म्हणे. मी म्हटलं, मग मला कशाला विचारत होतास? “आनी कोणाक विचारूं?” म्हणाला.