मदत हवी आहे: बंद पडलेला ऑडिओ गेम कसा जपायचा?

नमस्कार, मी म्हापशाची. माझा धाकटा भाऊ जन्मांध. त्याचं लहानपण हेडफोनमधल्या ऑडिओ गेममध्ये गेलं. डाव्या कानात पावलं वाजली की शत्रू डावीकडे, पडद्याची गरजच नाही! विकत घेतलेल्या एका गेमची फाइल आहे, पण नव्या कॉम्प्युटरवर तो ‘की’ (गेम उघडणारा कोड) मागतो, आणि ती देणारा सर्व्हर बंद झालाय. बनवणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर नाही.

क्रॅक, म्हणजे की मागणारं कुलूप तोडलेली प्रत, नको. विक्री थांबली म्हणून बनवणाऱ्याचा कॉपीराइट संपत नाही. आपल्याकडे तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ बॅकअपची मुभा देतं, तो घेतलाय. पण कुलपाचं काय?

अशा गेमसाठी कुणी लेखी परवानगी मिळवलीय का? पत्राचा नमुना द्याल? पणजी-म्हापशात कॉपीराइट जाणणारे वकील असतील तर तेही कळवा.