क्लच पूर्ण सुटत नाही : मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची मापे कशी जुळवावीत?

प्रश्न :
नमस्कार. जुन्या जीपच्या चासीवर दुसरे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून मी गाडी बांधत आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) एका गाडीचा, स्लेव्ह (त्या ऑइलने सरकून क्लच सोडवणारा) दुसऱ्या गाडीचा. बोअर, म्हणजे आतला व्यास, अनुक्रमे १५.८७ आणि २२.२२ मिमी. पेडलचे गुणोत्तर ६:१ असून पेडल १५० मिमी खाली जाते. ऑइलच्या नळीतली एअर नीट काढली आहे, गळती कुठेही नाही, तरीही पेडल पूर्ण दाबून रिव्हर्स टाकताना गिअर कर्रकन वाजतो. मोठ्या बोअरचा मास्टर बसवावा का?

उत्तर १ :
एअर खरोखर निघाली असेल, तर दोष बहुधा मापांत आहे. गुणोत्तर ६:१ असल्यामुळे पेडल १५० मिमी गेले की मास्टरचा पिस्टन २५ मिमी सरकतो. त्याने ढकललेल्या ऑइलला स्लेव्हच्या पिस्टनने तेवढीच जागा करून द्यावी लागते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे १५.८७ भागिले २२.२२ याचा वर्ग, म्हणजे ०.५१, हा आपला गुणक होतो. स्लेव्ह सरकतो जेमतेम १२.७५ मिमी, तेही होज (ऑइलची लवचिक नळी) दाबाने जराही फुगत नाही असे धरून. फोर्कला (स्लेव्ह ज्याला ढकलून क्लच सोडवतो तो दांडा) किती हालचाल लागते हे मोजल्याशिवाय मात्र काहीही विकत घेऊ नका. पुढच्या चाकांना ओट लावा, मागची चाके उचला, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये घाला आणि स्लेव्ह काढून फोर्क पहारीने ढकलत राहा. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हाताने मोकळा फिरू लागेल, ते अंतर मोजा.

प्रश्नकर्ता :
मोजले. शाफ्ट १५ मिमीला मोकळा झाला.

उत्तर २ :
म्हणजे निदान १७ मिमी हवेत. १९.०५ चा मास्टर घेतल्यास स्लेव्हला १८.४ मिमी मिळतील, पण पेडल १.४४ पट जड होईल, आणि घाटात ते पायाला जाणवेल. १७.७८ चा मास्टर १६ मिमीच देतो, त्यात होजच्या फुगण्याला पुरेशी जागा राहत नाही. माझ्या मते आहे तोच मास्टर ठेवून १९.०५ चा स्लेव्ह बसवावा : १७.३५ मिमी मिळतात आणि पेडल १.३६ पट जड होते. हालचाल वाढली की जोर वाढणारच, त्याला पळवाट नाही. नव्या स्लेव्हचा पिस्टन तेवढा बाहेर येऊनही बोअरमध्ये राहतो ना, हे तेवढे तपासा.

उत्तर ३ :
उत्तर २ शी सहमत. एक भर घालतो : पेडल सोडल्यावर मास्टरच्या पुशरॉडला (पेडलपासून पिस्टन ढकलणारी सळई) साधारण १ मिमी मोकळीक राहिलीच पाहिजे. ती नसेल, तर टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडत नाही, गरम होऊन फुगलेले ऑइल अडकते आणि क्लच घसरू लागतो. तसेच पेडलखाली स्टॉपर लावा, कारण क्लच सुटल्यानंतरही डायफ्रॅम स्प्रिंग (क्लच दाबून धरणारी चकतीसारखी स्प्रिंग) फार दाबली गेली, तर तिची बोटे वाकतात.