घरून कार्यालयातील संगणकाशी जोडणी होत नाही

मनीषनगरकर:
नमस्कार. सीताबर्डीवरील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी हिशेबाचे काम पाहतो. मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडने ये-जा करणे जिवावर येते, म्हणून साहेबांच्या परवानगीने घरूनच कार्यालयातील संगणकावर टॅली चालवायचे ठरले आहे. तिथे विंडोज ११ प्रो आहे, घरी होम. रिमोट डेस्कटॉप (एका संगणकावरून दुसरा संगणक चालवण्याची विंडोजमधील सोय) सुरू केला असून कार्यालयातल्याच दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८.१.१४ हा पत्ता टाकला की जोडणी लगेच होते. घरून मात्र होत नाही. घरी होम आवृत्ती असल्यामुळे असे होते का?

जाळेवाला:
नाही. ज्या संगणकात शिरायचे तो प्रो असला म्हणजे पुरे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्या-त्या जागेच्या आतल्या नेटवर्कपुरतेच असतात, त्यामुळे आपली विनंती कार्यालयापर्यंत पोहोचतच नाही. राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपला बाहेरून आत येण्याचा मार्ग, उघडा, असा सल्ला कुणी देईल. तो कृपया मानू नका. असे उघडे पोर्ट शोधून पासवर्डचे अंदाज लावणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात, आणि आपल्याकडे तर अशिलांचे पॅन व हिशेब आहेत. कार्यालयाच्या राउटरमध्ये व्हीपीएनची (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची) सोय असल्यास ती सुरू करावी. घरून आधी व्हीपीएन जोडून मग तोच पत्ता टाकावा. घरचे राउटरही १९२.१६८.१ हीच मालिका वापरत असेल, तर दोन्ही पत्त्यांची गल्लत होते. अशा वेळी घरची मालिका बदलावी.

हिंगणा रोड:
कार्यालयातील संगणकाचा स्लीप मोडही बंद करावा. शिवाय उन्हाळ्यात वीज गेली की संगणक बंद पडतो आणि ती परत आल्यावरही तसाच राहतो. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज येताच आपोआप सुरू होण्याचा पर्याय बहुधा असतो, तो निवडावा. नाहीतर बटण दाबायला कुणाला तरी पाठवावेच लागेल.

मनीषनगरकर:
मालिका बदलल्यावर व्हीपीएनमधून जोडणी झाली, आभारी आहे. परंतु कार्यालयातील संगणकाला लावलेले डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (स्वाक्षरी साठवलेले पेनड्राइव्हसारखे साधन) घरून दिसत नाही, त्यामुळे विवरणपत्र अडले आहे.

जाळेवाला:
रिमोट डेस्कटॉपमधून तिथले टोकन दिसत नाही. ते घरच्या संगणकाला लावून, जोडणीपूर्वी ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘स्मार्ट कार्ड्स’वर खूण करावी, टोकनचा ड्रायव्हर (ते ओळखणारा प्रोग्राम) दोन्हीकडे असावा. अर्थात, अशिलाची स्वाक्षरी घरी न्यायची की नाही, हे साहेबांना विचारूनच ठरवा.