ऊसतोडीमुळे अंग (गर्भाशय) बाहेर आलं तर ते कामाचं दुखणं धरतात का?

केजचा_पोरगा: मावशी अन् काका दरवर्षी तोडीला जातात, दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी एकच धरतात. मावशी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, बाळंतपणानंतर पण लगेच फडात गेलेली. आता अंग बाहेर येतंय तर डॉक्टर म्हणे बायकांचं दुखणं आहे, पिशवी काढून टाका, कामाचं कुणी विचारलं पण नाही. काकाच्या पायाला कोयता लागला तेव्हा मात्र मुकादमाने स्वतः गाडी करून नेलं, खर्च दिला. मावशीचं कुठं मांडता येईल का?

नियमावली: अवघड आहे. कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी असते. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा घ्या नाहीतर २०२० ची नवी सामाजिक सुरक्षा संहिता, त्यात बगॅसोसिस आहे, म्हणजे उसाच्या भुश्शाने कारखान्यातल्या माणसाच्या फुफ्फुसाला होतं ते. त्याच उसाच्या मोळ्या वाहून अंग बाहेर आलं तर ते यादीत नाही. यादीत नसेल तर अपघातातल्या अमुक एका इजेने झालं हे दाखवावं लागतं, आणि अंग काय एका दिवसात बाहेर येतं का. त्यात उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) काकाच्या नावावर, मग मावशी कामगार आहे हेच आधी सिद्ध करा 🙏

टोळीवाला: बाळंतपणं झालेल्या कुठल्याही बाईला होतं हे, घरी बसणारीला पण. मुकादमाने कशाकशाचं भरायचं?

सिस्टर_बीड: बाळंतपण कारण आहेच दादा, पण जड ओझ्याने पोटात दाब वाढतो आणि आधीच सैल पडलेले स्नायू अजून सुटतात. पुरुषाला हर्निया झाला की पहिला प्रश्न काय उचललंत, बाईला मात्र पोरं किती. २०१९ ला आमच्या जिल्ह्यात सर्व्हे झाला तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, खाडा पडला की पैसे कापतात मग बाया म्हणतात कटकटच नको. पिशवीची घाई करू नका, सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या, सुरुवातीला असेल तर अंगाला आतून आधार देणारी रिंग बसवूनही भागतं. आणि केसपेपरवर काम काय करते ते लिहून घ्या.

केजचा_पोरगा: आत्ताच बघितला, धंदा: घरकाम लिहिलंय 😐

सिस्टर_बीड: मग आधी ते बदलून घ्या. आणि ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढा, मावशीच्या नावाचं वेगळं, एकट्या काकाचं काढून येऊ नका.